रिकाम्या डोंगराचे देणे

स्कॉटलंडच्या वायव्य टोकाला अ‍ॅसिंट नावाचा एक परगणा आहे. त्या परगण्यात, समुद्रकाठच्या लॉखिन्व्हर गावापासून चार-पाच मैल आत, सूलव्हेन नावाचा डोंगर उभा आहे. उंचीने म्हणाल तर तो फारसा कोणी नव्हे. अवघा ७३१ मीटर. समुद्रसपाटीपासून मोजले तर आपला सिंहगडसुद्धा त्याच्या दीडपटीहून उंच भरेल. स्कॉटलंडमध्ये तीन हजार फुटांवरच्या डोंगरांना 'मन्रो' म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ साली त्यांची पहिली यादी छापली. आज त्या यादीत २८२ नावे आहेत, आणि हौशी माणसे जन्मभर त्यांतले एकेक नाव चढून खोडीत असतात. सूलव्हेन त्या यादीत नाही. सहाशे फुटांनी तो नापास झाला आहे. असे असूनही त्या देशातला कोणता डोंगर मनात घर करून राहतो असे विचारले, तर पुष्कळ जाणती माणसे मन्रो बाजूला ठेवतात आणि सूलव्हेनचे नाव घेतात.

या लेखात त्या डोंगराचे वर्णन येईल, पण ते केवळ वर्णनासाठी नव्हे. ज्या सौंदर्याच्या घडणीत दुसऱ्या कोणाचे दुःख मिसळलेले आहे, त्या सौंदर्याचा आनंद निर्मळ मनाने घेता येतो काय, हा प्रश्न त्या डोंगरामुळे माझ्यापुढे उभा राहिला, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. नीतिशास्त्राची परिभाषा मला अवगत नाही. शाळेत मुलांना शिकवावे आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्यात, एवढाच माझा व्यवहार. परंतु काही प्रश्न असे असतात, की ते विचारायला पदवी लागत नाही आणि टाळायला पदवीचा उपयोग होत नाही.

प्रथम डोंगर. थोरल्या आक्काचा मुलगा इन्व्हर्नेस शहरी नोकरीला आहे. त्याच्या आग्रहावरून एका मे महिन्यात, शाळेला सुटी लागल्यावर, मी तिकडे गेलो आणि एके दिवशी पहाटे निघून आम्ही दोघे अ‍ॅसिंटमध्ये पोचलो. लॉखिन्व्हरच्या बाजूने पाहिला तर सूलव्हेन हा एक प्रचंड करडा घुमट दिसतो, शाळिग्राम ताम्हणात उभा करून ठेवावा तसा. पूर्वेकडून पाहणाऱ्याला तोच डोंगर बारीक सुळक्यासारखा दिसतो. आणि बाजूने पाहिले म्हणजे कळते की हा घुमटही नव्हे आणि सुळकाही नव्हे. ही सुमारे दोन किलोमीटर लांबीची एक अरुंद भिंत आहे, आणि तिची तीन शिखरे आहेत. एकाच माणसाविषयी तीन गावांत तीन मते असावीत, तसा हा प्रकार आहे.

त्याच्या नावातही दोन भाषा आहेत. 'सुला' म्हणजे खांब. हा शब्द हजारेक वर्षांपूर्वी समुद्रावरून आलेल्या नॉर्वेकडच्या दर्यावर्दी लोकांचा. 'व्हेन' हा गेलिक शब्द. त्याचा अर्थ डोंगर. म्हणजे अर्धे नाव गलबतातून पाहणाऱ्यांनी दिले, आणि अर्धे पायथ्याशी गुरे राखणाऱ्यांनी. सर्वांत उंच शिखराचे नाव 'काश्चल लिआ', म्हणजे करडा किल्ला. मधल्या शिखराचे नाव मधला डोंगर, आणि शेवटच्याचे धाकटा डोंगर. घरातली मुले मोजावीत तशी ही नावे आहेत. परका माणूस अशी नावे देत नाही.

याचा पायथा पाहिला म्हणजे डोंगराइतकेच आश्चर्य वाटते. तो 'नाइस' नावाच्या खडकाचा आहे. त्याचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे. युरोपातल्या अत्यंत जुन्या खडकांत त्याची गणना होते. हा कातळ सपाट नाही. तो उंचसखल, टेंगळाटेंगळांचा आहे, आणि प्रत्येक खळग्यात पाणी साठून तळे झालेले. त्या करड्या कातळावर सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी वाळू आणून टाकली आणि तिचा तांबूस वालुकाश्म झाला. पुढे हिमयुगांत बर्फाच्या अजस्र नद्यांनी तो वालुकाश्म खरवडून नेला. काही ठिकाणी तेवढे अवशेष उरले. सूलव्हेन हा असा एक अवशेष आहे. शेजारचे कॅनिस्प, कूल मोर, स्टॅक पॉली हे त्याचेच भाऊबंद, पण प्रत्येकाने आपली चूल वेगळी मांडलेली. सह्याद्रीची रांग पाहणाऱ्या डोळ्यांना हे एकेकटे उभे असलेले डोंगर प्रथम विचित्र वाटतात. रांगेतला डोंगर दुसऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. इथे मात्र चोहोकडे मोकळे रान, मध्ये पाणी, आणि त्यातून एकदम वर आलेला एकटा डोंगर.

ग्लेन कॅनिस्पच्या जुन्या शिकारबंगल्यापासून वाट सुरू होते. जाऊन-येऊन सुमारे वीस किलोमीटरांची चाल. पहिले काही मैल तळ्यांच्या काठाने, टेकाडांवरून वळसे घेत जावे लागते. पायाखाली पीट असते. पीट म्हणजे हजारो वर्षांचे अर्धवट कुजलेले शेवाळ आणि गवत, काळे आणि पाण्याने तुडुंब. तेच कापून, वाळवून, तिकडच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जळण केले. हेदरची झुडपे ऑगस्टमध्ये जांभळी होतात. मे महिन्यात ती तपकिरी, काडक्यांसारखी होती. चिलटांचा उपद्रव सुरू व्हायला अजून अवकाश होता. वारा मात्र अखंड. बोललेला शब्द तोंडापुढून उचलून नेणारा वारा.

वाटेत डावीकडे थोड्या अंतरावर सूलेग नावाचे एक दगडी घर आहे. त्याला कुलूप नसते. डोंगरात फिरणाऱ्याने केव्हाही यावे, रात्र काढावी आणि जागा होती तशी ठेवून जावे. अशा घरांना तिकडे 'बॉथी' म्हणतात आणि एक स्वयंसेवी संस्था ती राखते. भाडे नाही, राखणदार नाही. आपल्याकडच्या जुन्या धर्मशाळेची आठवण झाली.

पुढे एका पुलावरून ओढा ओलांडला, आणि डोंगराची भिंत अंगावर आली. चढ खिंडीपर्यंत सरळ उभा. खिंडीचे नाव 'ब्यालाख मोर', म्हणजे थोरली खिंड. गुडघ्यांनी मला माझे वय सांगितले; भाचा पुढे जाऊन, 'मामा, सावकाश या, घाई नाही,' असे वरून सांगत होता. खिंडीत पोचलो आणि एक वस्तू दिसली. तिथे एक गडगा आहे. आमच्या कोकणात आंब्याच्या बागेभोवती असतो तसा, चुन्यामातीवाचून दगडावर दगड रचलेला. तो त्या अरुंद कण्यावर आडवा जातो आणि दोन्ही अंगांना जिथे माणसाचे पाऊल नीट ठरत नाही तिथपर्यंत उतरतो. ज्या डोंगराला लोक 'अस्पर्श' म्हणून नावाजतात, त्याच्या पाठीवर कोणीतरी पोटासाठी दगड वाहिले आहेत, एवढे तो गडगा निमूटपणे सांगतो.

तिथून शिखर अर्ध्या तासाच्या आत येते. वाटेत एक-दोन अरुंद जागा आहेत. त्या ओलांडल्या की अनपेक्षित सुख. शिखर म्हणजे सुळक्याचे टोक नव्हे. तिथे चक्क गवताचे मोकळे मैदान आहे. मी बसलो. खाली शेकडो तळी उन्हात चमकत होती. पश्चिमेला मिंचची सामुद्रधुनी. एकही घर दिसत नव्हते म्हटले तरी चालेल. किनाऱ्याला चिकटलेले लॉखिन्व्हर तेवढे पांढऱ्या ठिपक्यांसारखे. मला जो आनंद झाला तो मोजून सांगता येणार नाही. देह दमलेला, मन रिकामे, आणि समोर मनुष्याच्या कारभाराशी ज्याचा संबंध नाही असे वाटणारे एक विश्व. माणसे डोंगरावर कशासाठी जातात याचे उत्तर त्या घटकेत मिळाले. आपण लहान आहोत, हे एरवी अपमानाने कळते. तिथे ते सुखाने कळते.

भाच्याने बोट करून दाखवले, 'मामा, समुद्रापलीकडे तो निळा पट्टा दिसतो ना, ते लुईस बेट.'

लुईस हे नाव ऐकले आणि माझे मन मुंबईला गेले. कारण ते बेट १८४४ साली ज्याने सबंध विकत घेतले, तो जेम्स मॅथेसन याच सदरलंड प्रांतातल्या लेर्ग गावचा. चीनच्या व्यापारात तो गबर झाला, आणि त्या व्यापाराचा कणा होता अफू. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरात जहाजांवर चढे आणि चीनला जाई. मुंबईत त्या पेढीचे मोठे सहकारी होते सर जमशेटजी जीजीभाई. त्या पैशातला काही भाग इथे बेट होऊन समुद्रात पडला होता. पुढे बटाट्याचे पीक कुजून दुष्काळ पडला तेव्हा मॅथेसनने लोकांना धान्य पुरवले. आणि १८५१ ते १८५५ या काळात दीड हजारांहून अधिक बेटकऱ्यांना जहाजांत बसवून कॅनडाला रवानाही केले. त्याच व्यापारातल्या जमशेटजींच्या पैशावर मुंबईचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले, आणि आमच्या कोकणातली कितीतरी माणसे तिथून बरी होऊन घरी आली. चीनमधल्या व्यसनी माणसाचे दुःख, माळव्यातल्या शेतकऱ्याचे कष्ट, मुंबईतल्या रोग्याचे बरे होणे आणि लुईसमधल्या कुळाचे देशांतर, ही सगळी एकाच दोरीला बांधलेली. तेव्हा त्या शिखरावर बसलेला मी निव्वळ परका पाहुणा नव्हतो. माझ्या प्रांताचाही त्या क्षितिजाशी जुना हिशेब होता.

घरी आल्यावर मी वर्गात त्या डोंगराची छायाचित्रे दाखवली. चौथीचा वर्ग. आमच्या मुलांना निसर्गचित्र काढायला सांगितले म्हणजे ती काय काढतात ते सर्वांना ठाऊक आहे: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली वाहणारी नदी, आणि नदीकाठी एक झोपडी. झोपडीवाचून डोंगर पुरा होत नाही. सूलव्हेनची छायाचित्रे हातोहात फिरली आणि एका मुलीने विचारले, 'गुरुजी, ह्या डोंगराला घर नाही?'

या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे. त्या डोंगरावर घर कधीच नव्हते. पण त्याच्या भोवतालच्या मुलखात होते. ज्या ओढ्यावरून आम्ही पूल ओलांडला त्याच्या नावात 'आरी' हा गेलिक शब्द आहे. उन्हाळ्यात गुरे घेऊन वर जायचे, झोपडी बांधून तिथे राहायचे, दूधदुभते करायचे, त्या जागेला 'आरी' म्हणत. माणसे गेली तरी ओढा अजून त्यांचे नाव सांगतो. १७५७ साली अ‍ॅसिंटची जमीन सदरलंडच्या उमराव घराण्याने विकत घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या घराण्याची मालकीण होती सदरलंडची काउंटेस, आणि तिचा नवरा इंग्लंडच्या अतिश्रीमंतांपैकी एक. कुळांच्या खंडापेक्षा मेंढरांच्या लोकरीत अधिक पैसा आहे असे हिशेबाने दिसून आले. मग १८१२ पासून पुढच्या दहा वर्षांत अ‍ॅसिंटच्या आतल्या भागातली गावे उठवण्यात आली. माणसांना किनाऱ्यावरच्या खडकाळ तुकड्यांवर नेऊन ठेवले. शेती पुरत नसेल तर मासे धरा म्हणून सांगितले. पुष्कळ जण समुद्रापार गेले. याच प्रांतातल्या स्ट्रॅथनेव्हर दरीत १८१४ साली घरे पेटवून माणसे हाकलली गेली; त्या प्रकरणी पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ साली इन्व्हर्नेसला सदोष मनुष्यवधाचा खटला झाला आणि तो निर्दोष सुटला. जहागिरीचा मुख्य कारभारी जेम्स लॉख याने १८२० साली या सर्व उलाढालीचे समर्थन करणारे पुस्तक लिहिले. त्यात त्याने या गोष्टीला जे नाव दिले ते आपल्या चांगल्या परिचयाचे आहे: सुधारणा.

मेंढरांनंतर हरणे आली. लोकरीचे भाव उतरले तेव्हा जहागीरदारांनी तीच राने शिकारीसाठी राखली. आणि याच सुमारास त्या ओसाड डोंगरांवर सौंदर्याचा शिक्का बसला. एडविन लँडसियर या चित्रकाराने १८५१ साली एक चित्र रंगवले: धुक्यातले डोंगर, आणि पुढे दिमाखाने उभा असलेला शिंगाळ हरिण. माणूस नाही, घर नाही, चुलीचा धूरही नाही. स्कॉटलंड म्हटले की जगाच्या डोळ्यांपुढे अजून तेच चित्र येते. आमच्या चौथीच्या मुलांनी ते चित्र अपुरे ठरवले असते.

येथे न्यायबुद्धीने दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली ही की सगळी निर्जनता जुलमाने आलेली नाही. नाइसच्या कातळावर आणि पीटच्या दलदलीत दाट वस्ती कधीच होऊ शकली नसती. दुसरी ही, की गेलेले सगळेच हाकलले गेले नव्हते. अ‍ॅसिंटमध्येच जन्मलेला नॉर्मन मॅक्लाउड हा धर्मोपदेशक स्वतःच्या मताच्या आग्रहापायी १८१७ साली नोव्हा स्कोशियाला गेला. मागाहून लोक त्याला जाऊन मिळाले, आणि म्हातारपणी तो आपल्या अनुयायांसह थेट न्यूझीलंडमधल्या वायपू या ठिकाणी जाऊन राहिला. माणसे पोटासाठी जातात, देवासाठी जातात, कधी नुसत्या आशेनेही जातात. परंतु एवढे वजा घालूनही बाकी उरतेच. त्या मुलखात जी शांतता आहे तिचा काही भाग निसर्गाने दिलेला आहे, आणि काही भाग माणसांना गप्प करून मिळवलेला आहे. शिखरावर बसलेल्याच्या कानांना हे दोन भाग वेगळे ऐकू येत नाहीत. म्हणूनच नैतिक प्रश्न उद्भवतो.

या प्रश्नाला दोन सरळ उत्तरे मला मिळाली. पहिले माझ्या भाच्याचे. तो म्हणाला, 'मामा, तो दगड शंभर कोटी वर्षांचा. दोनशे वर्षांपूर्वीची भांडणे त्याला कशाला चिकटवता? डोंगराने कोणाला हाकलले नाही.' हे म्हणणे टाकाऊ नाही. डोंगर निरपराध आहे हे मलाही मान्य आहे. परंतु प्रश्न डोंगराच्या अपराधाचा नाही, पाहणाऱ्याच्या आनंदाचा आहे. आणि पाहणारा शंभर कोटी वर्षांचा नाही. तो माणूस आहे, आणि माणसांच्या जगात जे घडले ते ठाऊक नसल्याचे सोंग त्याला आणता येत नाही. शिवाय त्याला तिथे जे भावते ते केवळ दगड नव्हे. त्याला भावतो एकांत. आणि एकांताला इतिहास असतो.

दुसरे उत्तर आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याचे. ते कडक स्वभावाचे गृहस्थ आहेत. त्यांचे म्हणणे असे की जिथून माणसे हुसकावली तिथे सहलीला जाणे म्हणजे चोरीच्या भांड्यातले दूध पिणे. ऐकायला हे फार शुद्ध वाटते. पण या शुद्धतेचा लाभ कोणाला? सहकाऱ्यांनी न जाण्याने एकही उठवलेले घर परत उभे राहत नाही. उलट, न जाणारा माणूस त्या घरांविषयी ऐकतही नाही. आणि हा नियम नीट लावायचा झाला तर जे. जे. रुग्णालयातली खाटही नाकारावी लागेल. जगात निष्कलंक अशी जमीन फार थोडी आहे. बहुधा जिचा इतिहास लिहिला गेला नाही तीच. आनंद नाकारणे हे पुष्कळदा विचार करण्याचा कंटाळा असते.

मग माझे उत्तर काय? मला असे वाटते की अशा आनंदाला पाप म्हणू नये आणि हक्कही म्हणू नये. ते एक देणे आहे. वडिलांनी घर ठेवले आणि त्याबरोबर थोडे कर्जही ठेवले, तर शहाणा मुलगा घर सोडीत नाही आणि कर्जही बुडवीत नाही. तो घरात राहतो आणि हप्ते भरतो. पण कर्ज खरे आहे की कल्पित, हे ओळखायचे कसे? त्याची एक कसोटी मला सुचते, आणि या लेखात मला सांगायचे आहे ते एवढेच. आपल्या आनंदाला स्वतःला विचारावे: तुला कोणाची गैरहजेरी लागते काय? त्या दरीत उद्या चार घरे उठली, संध्याकाळी एका खिडकीत दिवा लागला, कोणाची मुले वाटेवरून शाळेला निघाली, तर तू कमी होशील काय? 'होय, मग मजा गेली' असे जो आनंद म्हणतो, तो जुन्या कारभाऱ्याचा वारसदार आहे. त्याने कोणाला हाकलले नसले तरी हाकललेल्यांनी परत येऊ नये अशी त्याची इच्छा आहे. आणि जो आनंद म्हणतो, 'दिवा लागला तर लागू दे, डोंगर तेवढाच उंच आहे,' तो निर्मळ आहे, मग त्या मुलखाचा इतिहास कितीही काळा असो.

ही कसोटी हवेतली नाही. अ‍ॅसिंटमध्ये ती प्रत्यक्ष लागली. तिकडे लहानशा तुकड्यावर राबणाऱ्या कुळाला 'क्रॉफ्टर' म्हणतात. १८८६ साली कायदा होऊन त्यांना जमिनीवरून उठवण्याला आळा बसला; तो त्यांचा कूळकायदाच म्हणायचा. तरी मालकी जहागीरदारांकडेच राहिली. पुढे उत्तर अ‍ॅसिंटची सुमारे २१,००० एकरांची जहागीर एका परदेशी कंपनीच्या हाती गेली, कंपनीचे दिवाळे निघाले, आणि जमीन तुकडे करून विकायची ठरली. जाहिरातीत बहुधा निर्जन सौंदर्य हाच माल असतो. तेव्हा तिथले क्रॉफ्टर उठले. त्यांनी वर्गणी जमवली, मदत मिळवली, आणि १९९३ साली तीन लाख पौंड मोजून आपल्या पायाखालची जमीन आपण विकत घेतली. असे करणारे ते स्कॉटलंडमधले पहिलेच क्रॉफ्टर. त्यानंतर बारा वर्षांनी, २००५ साली, २००३ च्या भूसुधारणा कायद्याचा आधार घेऊन, लॉखिन्व्हरकडच्या लोकांच्या संस्थेने ग्लेन कॅनिस्प आणि शेजारची ड्रमरुनी अशी ४४,००० एकर जमीन घेतली. त्या जमिनीत सूलव्हेन आहे. ज्या परगण्यात आज हजाराच्या आसपास माणसे उरली आहेत, त्यांचा तो डोंगर आहे.

आणि गंमत अशी की त्यांचा झाला म्हणून तो इतरांचा कमी झाला नाही. त्याच २००३ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये कोणालाही, कोणाच्याही रानातून आणि डोंगरावरून, जबाबदारीने चालण्याचा हक्क मान्य केला. या हक्कासाठी जेम्स ब्राइस यांनी १८८४ साली पार्लमेंटात पहिले विधेयक मांडले होते. फळ यायला सव्वाशे वर्षांना थोडीच कमी लागली. मी त्या डोंगरावर गेलो तो कोणाची परवानगी काढून नव्हे. मात्र फाटक उघडले तर लावावे, मेंढरांना बुजवू नये, कचरा मागे ठेवू नये, एवढे बंधन माझ्यावर होते. मालक आहे आणि वाटही आहे. घर आहे आणि दाराला कुलूप नाही. सूलेगच्या बॉथीत मला जी गोष्ट पाच मिनिटांत दिसली, ती कायद्यात उतरायला एवढा काळ गेला.

याच परगण्यात दर उन्हाळ्यात येऊन राहणारा नॉर्मन मॅकेग नावाचा एक कवी होता. १९१० चा जन्म, १९९६ साली वारला. एडिंबरोला तो वर्षानुवर्षे प्राथमिक शाळेत शिक्षक होता, हे वाचून मला त्याच्याविषयी आपलेपणा वाटला. अ‍ॅसिंटवरच्या त्याच्या दीर्घ कवितेत त्याने ही भूमी कोणाची, हा प्रश्न घातला आहे. तेव्हा ती अजून तिथल्या लोकांची झाली नव्हती. त्याला तिथले डोंगर, बेडूक, कोळी आणि शेजारीपाजारी सारखेच प्रिय होते. मला वाटते, खऱ्या निसर्गप्रेमाची खूण हीच असावी, की त्यात शेजाऱ्याला जागा असते. माणूस नको म्हणून ज्याला डोंगर हवा, त्याचे डोंगरावर प्रेम आहे की माणसावर राग आहे, हे तपासून पाहावे लागेल.

कादंबरी लिहिणाऱ्याला ही गोष्ट आपल्या धंद्यातूनही कळते. स्थळाचे वर्णन कितीही चांगले वठले, तरी तिथे कोण राहत होते हे ठाऊक नसेल तर ते वर्णन पडद्यासारखे राहते. मागे भिंतही नसते. सूलव्हेनखालच्या उठवलेल्या गावांची हकीगत कळल्यावर माझ्या लेखी तो डोंगर उणा झाला नाही. खिंडीतला गडगा, ओढ्याच्या नावातली उन्हाळी झोपडी, तीन शिखरांना घरच्या मुलांसारखी दिलेली नावे, ही सगळी त्यात येऊन मिळाली आणि तो भरीव झाला. आनंद ओसरला नाही. त्याच्या अंगी थोडे वजन आले एवढेच; आणि वजन असलेली वस्तू वाऱ्याने उडून जात नाही.

ज्यांच्या गैरहजेरीवर आपली शांतता उभी आहे अशी आपल्याकडची ठिकाणे कोणती, ते वाचकाने आपले आपण ठरवावे. मी यादी देणार नाही. कसोटी मात्र हाताशी ठेवावी. एखाद्या सुंदर, निवांत, माणूस नसलेल्या जागी बसून मन तृप्त होईल तेव्हा तृप्त होऊ द्यावे. आणि मग त्या चौथीच्या मुलीप्रमाणे एकदा विचारावे, की या डोंगराला घर नाही काय. उत्तर ऐकायला लागणारा वेळ हा त्या देण्याचा पहिला हप्ता आहे. पुढचे हप्ते ज्याचे त्याला कळतील.